अमेरिकेत हायस्कूल संपताना, कॉलेज सुरू होताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिलमध्ये प्रवेशाची पत्रं यायला लागली की अमेरिकेतल्या मराठी घरांमधून हे प्रश्न यायला सुरुवात होते. काही मुलांचे असतात, बरेचसे आईवडिलांचे. उत्तरं दोघांनी मिळून वाचावीत, पण त्यातली कामं मुलांनी स्वतः करावीत असा माझा आग्रह आहे. त्याचं कारण सहाव्या प्रश्नात आहे. नियम राज्यागणिक आणि कॉलेजागणिक बदलतात, म्हणून शेवटची तारीख आणि रक्कम नेहमी आपल्या कॉलेजच्या पोर्टलवर पाहून घ्या.

१. तीन-चार ठिकाणी प्रवेश मिळालाय. आता १ मेपर्यंत काय करायचं?

बहुतेक कॉलेजांना तुमचा होकार १ मेपर्यंत लागतो. त्याआधी प्रत्येक कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्र समोर ठेवा आणि एकच आकडा काढा: वर्षाचा एकूण खर्च, वजा ग्रँट आणि स्कॉलरशिप. पत्रात कर्ज आणि वर्क-स्टडीही 'मदत' म्हणून त्याच यादीत दाखवलेले असतात. ते वजा करू नका. कर्ज फेडायचं असतं आणि वर्क-स्टडीचे पैसे काम केल्यावरच मिळतात. स्कॉलरशिप चारही वर्षं मिळणार आहे का, आणि ती टिकवायला किती जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, हे लेखी विचारून घ्या. पहिल्या वर्षाचा आकडा बघून निर्णय घेतला आणि दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिप गेली, असं बऱ्याच घरांत होतं.

मग एकाच ठिकाणी डिपॉझिट भरा. दोन जागा अडवून ठेवणं चुकीचं आहे, आणि ते लक्षात आलं तर कॉलेज प्रवेश रद्द करू शकतं.

२. आवडत्या कॉलेजच्या वेटलिस्टवर नाव आहे. थांबावं का?

थांबा, पण दुसरीकडे १ मेपर्यंत डिपॉझिट भरून. वेटलिस्टमधून बोलावणं आलं तर आधीचं डिपॉझिट सहसा परत मिळत नाही, तेवढा तोटा धरून चाला. उशिरा मिळालेल्या प्रवेशाबरोबर आर्थिक मदत कमी असू शकते, तेव्हा होकार देण्याआधी आकडा मागा.

३. प्रवेश पक्का झालाय, आता बारावीच्या मार्कांनी काय फरक पडतो?

पडतो. प्रवेशाचं पत्र नीट वाचलं तर त्यात अट असते: अर्जात दाखवलेले विषय पूर्ण व्हायला हवेत आणि मार्क त्याच पातळीवर राहायला हवेत. हायस्कूल संपल्यावर कॉलेज शेवटची ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि मार्कांची अधिकृत नोंद) मागवतं. ए-बी मिळवणाऱ्या मुलाला अचानक दोन डी मिळाले, किंवा अर्जातला एखादा विषय न सांगता सोडला, तर आधी खुलासा मागणारं पत्र येतं आणि कधी कधी प्रवेशही जातो. एखादा विषय खरोखर झेपत नसेल तर तो सोडण्यापूर्वी मुलाने स्वतः ॲडमिशन ऑफिसला ईमेल करावी. आधी विचारलं तर बहुतेक वेळा मार्ग निघतो.

४. उन्हाळ्यात करायची यादी लांबलचक आहे. त्यातलं काय चुकलं तर खरंच अडतं?

चार गोष्टी. कॉलेजने दिलेली ईमेल रोज न पाहणं ही पहिली, कारण बाकीच्या तिन्ही गोष्टींची सूचना तिथेच येते. दुसरी, लसींची नोंद (प्रश्न ५). ती अपुरी असली की खात्यावर 'होल्ड' लागतो आणि विषयांची नोंदणीच होत नाही. तिसरी, हॉस्टेलचा फॉर्म. चौथी, ओरिएंटेशनआधीची गणिताची किंवा भाषेची प्लेसमेंट टेस्ट. ती मुलं निष्काळजीपणे उरकून टाकतात आणि मग खालच्या पातळीच्या गणितात अडकतात. इंजिनिअरिंगला तर त्यामुळे पुढच्या विषयांची सगळी साखळीच मागे सरकते.

प्रवेश घेऊन, डिपॉझिट भरूनही ऑगस्टमध्ये कॉलेजात न पोचणारी मुलं असतात. इथे त्याला 'समर मेल्ट' म्हणतात. त्यामागे बऱ्याचदा असाच एखादा न भरलेला फॉर्म असतो.

५. मुलीच्या लहानपणीच्या लसी भारतात झाल्या आहेत. ते कार्ड चालतं का? आणि टीबीची टेस्ट कशाला?

कार्ड चालतं, पण एक गोष्ट तपासा. भारतात गोवराची लस नवव्या महिन्यात देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचे) दोन डोस वर्षानंतरचे हवेत. नोंद सापडत नसेल तर डॉक्टर रक्त तपासून प्रतिकारशक्ती आहे का ते पाहू शकतात, किंवा सरळ पुन्हा डोस देतात. मेनिंजायटिसच्या लसीचा सोळाव्या वर्षीचा डोस बहुतेक हॉस्टेलांना लागतो.

भारतात जन्मलेल्या किंवा तिथे बराच काळ राहिलेल्या मुलांना टीबीची तपासणी सांगतात. बीसीजी (टीबीची लस) घेतलेल्यांची त्वचेवरची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, पुढच्या तपासण्या असा घोळ सुरू होतो. डॉक्टरांना आधीच सांगा की बीसीजी झालेलं आहे, रक्ताची टेस्ट करा. रक्ताच्या टेस्टवर बीसीजीचा परिणाम होत नाही. हे काम जूनमध्येच उरका.

६. फी आम्ही भरतो, मग कॉलेज आम्हाला मार्क का दाखवत नाही?

कारण १९७४ सालचा फर्पा कायदा. मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात दाखल झालं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो. सतराव्या वर्षी कॉलेजात गेलं तरीही. फी कोण भरतं याने फरक पडत नाही. मुलाने पोर्टलवर परवानगी दिली तर तुम्हाला मार्क किंवा बिलं पाहता येतात. टॅक्स रिटर्नमध्ये मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण द्यायलाच हवी असं बंधन नाही. जिवाला धोका असेल तेव्हाही कॉलेज घरी कळवू शकतं.

दवाखान्याचंही तसंच आहे. अठरा पूर्ण झाल्यावर डॉक्टर मुलाच्या संमतीशिवाय तुमच्याशी बोलायला बांधील नाहीत. मूल दूर जाणार असेल तर निघण्यापूर्वी हेल्थकेअर प्रॉक्सी किंवा मेडिकल पॉवर ऑफ ॲटर्नीवर (वैद्यकीय निर्णयाचा अधिकार तुम्हाला देणारा कागद) त्याची सही घ्या. आपल्या आणि ज्या राज्यात कॉलेज आहे त्या, अशा दोन्ही राज्यांचे फॉर्म भरलेले बरे.

माझ्या आग्रहाचं कारण हे आहे. ऑगस्टपासून रजिस्ट्रार (नोंदणीचं ऑफिस), बर्सर (फीचं ऑफिस), डॉक्टर, सगळे तुमच्या मुलाशीच बोलणार. ज्या मुलाने आजवर दंतवैद्याची वेळसुद्धा स्वतः घेतलेली नाही, त्याला एकाच आठवड्यात हे सगळं अंगावर घ्यावं लागतं. म्हणून मे ते ऑगस्ट फोन त्याला करू द्या. तुम्ही शेजारी बसा, हवं तर आधी कागदावर मुद्दे लिहून द्या, पण पलीकडच्या माणसाशी त्यालाच बोलू द्या. ईमेल त्याने लिहावी, तुम्ही वाचून सुधारणा सुचवावी. मुलाच्या नावाने आईवडिलांनी लिहिलेली ईमेल ऑफिसातल्या लोकांना लगेच ओळखू येते.

७. आमचा हेल्थ इन्शुरन्स असताना कॉलेजने बिलात इन्शुरन्सचे पैसे का लावले?

आईवडिलांच्या प्लॅनवर मूल सव्वीस वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं. पण पुष्कळ कॉलेजं स्वतःचा प्लॅन आपोआप बिलात लावतात आणि तो नको असेल तर मुदतीत 'वेव्हर' भरावा लागतो, बहुतेक ठिकाणी दरवर्षी. मुदत गेली की काही हजार डॉलर अंगावर पडू शकतात. वेव्हर भरण्याआधी तुमचा प्लॅन कॉलेजच्या गावात चालतो का ते पाहा. एचएमओ (ठरावीक डॉक्टरांपुरता मर्यादित प्लॅन) असेल तर दुसऱ्या राज्यात फक्त इमर्जन्सीच धरली जाते, असं बऱ्याचदा होतं. तसं असेल तर कॉलेजचा प्लॅन घेणंच शहाणपणाचं.

८. पहिल्या सेमिस्टरला किती क्रेडिट घ्यावेत?

बहुतेक ठिकाणी पदवीला १२० क्रेडिट लागतात, म्हणजे आठ सेमिस्टर, दर वेळी १५. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून १२ पुरतात, पण कायम १२ च घेतले तर चार वर्षांत पदवी होत नाही. एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास स्वतःचा अभ्यास धरतात, म्हणजे १५ क्रेडिट म्हणजे आठवड्याचे ४५ तास. पहिल्या सेमिस्टरला १४-१५ ठीक आहेत. हौसेने १८ घेऊ नका. क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरऐवजी छोटी सत्रं असलेल्या) कॉलेजांत हे आकडे वेगळे असतात.

९. मुलाला हायस्कूलमध्ये सगळे ए होते. अशी मुलंही पहिल्या मिडटर्मला का आपटतात?

हायस्कूलमध्ये गृहपाठ, छोट्या टेस्ट, एक्स्ट्रा क्रेडिट असं मिळून मार्क बनत जातात आणि घसरण दिसली की शिक्षक घरी कळवतात. कॉलेजात दोन मिडटर्म आणि एक फायनल यांवरच बहुतेक मार्क असतात. वर्गात आलं नाही तरी कोणी विचारत नाही. हुशार मुलांना आजवर मदत मागायची वेळच आलेली नसते, त्यामुळे ती उशिरा मागतात. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त जाचक वाटते.

दोन सवयी पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. एक, सगळ्या विषयांचे सिलॅबस शेजारी शेजारी मांडून प्रत्येक तारीख एकाच कॅलेंडरवर लिहा. लगेच दिसतं की सातव्या आठवड्यात मंगळवारी केमिस्ट्रीची मिडटर्म आहे, बुधवारी कॅल्क्युलसची आणि शुक्रवारी इंग्रजीचा निबंध द्यायचाय. म्हणजे निबंध पाचव्या आठवड्यात लिहायला घ्यायचा. हे सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कळणं आणि आदल्या रात्री कळणं, यात एका ग्रेडचा फरक पडतो.

दुसरी सवय, ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या वेळेत) जाणं. 'मला काही समजत नाही' असं म्हणून जाऊ नका. सोडवलेलं आणि चुकलेलं गणित घेऊन जा आणि म्हणा, 'तिसऱ्या पायरीपर्यंत मी अशी आले, पुढे अडले.' प्राध्यापकाला दहा मिनिटांत चूक दाखवता येते, आणि तुमचं नावही लक्षात राहतं. पुढे शिफारसपत्र लागतं तेव्हा ही ओळख कामी येते. प्राध्यापकांच्या वेळा जमत नसतील तर टीएकडे (प्राध्यापकांच्या मदतनिसाकडे) जा.

एखादा विषय हाताबाहेर गेलाच तर सुरुवातीच्या ॲड-ड्रॉप मुदतीत तो मागे काहीही न राहता सोडता येतो. त्यानंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' येतो. जीपीएला त्याने धक्का लागत नाही आणि एक 'डब्ल्यू' 'एफ'पेक्षा केव्हाही परवडला. मात्र सोडल्यावर १२ क्रेडिटच्या खाली जात असाल तर आधी ॲडव्हायझर आणि फायनान्शियल एड ऑफिसला विचारा.

१०. एपीचे (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे) मार्क कॉलेजला आपोआप जातात का? सगळे क्रेडिट वापरावेत का?

आपोआप जात नाहीत. निकाल जुलैमध्ये लागतात आणि ते कॉलेज बोर्डच्या (एपी घेणाऱ्या संस्थेच्या) खात्यातून पाठवावे लागतात. २० जूनपर्यंत कॉलेजचं नाव घातलं तर एका कॉलेजला फुकट जातात. कुठे ५ पैकी ३ ला क्रेडिट मिळतं, कुठे ५ च हवे असतात. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचे) विषय घेतले असतील तर त्या कॉलेजची वेगळी ट्रान्सक्रिप्ट मागवावी लागते.

सगळे क्रेडिट वापरावेत असं नाही. इतिहास, इंग्रजी यांसारख्या सक्तीच्या विषयांतून सुटका होत असेल तर जरूर वापरा. पण जो विषय मेजरचा (पदवीच्या मुख्य विषयाचा) पाया आहे, तिथे कॉलेजची जुनी फायनल मिळवून सोडवून पाहा. कॅल्क्युलसमध्ये एपीला ५ मिळूनही ती फायनल जड गेली, तर तो विषय पुन्हा घेणं हिताचं आहे. मेडिकलला जाणाऱ्यांनी पुढचा प्रश्नही वाचा.

११. कॉम्प्युटर सायन्स मिळालं नाही. दुसऱ्या मेजरला जाऊन आत गेल्यावर बदलता येईल ना?

हे गृहीत धरून कॉलेज निवडू नका. पुष्कळ मोठ्या सरकारी विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग आणि नर्सिंगला थेट प्रवेश असतो आणि आतून बदलायला जागा अगदी थोड्या असतात. बर्कलीसारख्या ठिकाणीसुद्धा २०२३ पासून कॉम्प्युटर सायन्सची निवड प्रवेशाच्या वेळीच होते. 'कसंही करून आत शिरू, मग बघू' या हिशेबाने गेलेली मुलं दोन वर्षं नावडतं शिकत बसतात. १ मेच्या आधी त्या विभागाला दोन प्रश्न विचारा: बाहेरच्या मेजरमधून किती जणांना घेता, आणि त्यासाठी कुठले विषय, किती जीपीए लागतो. उत्तर गुळमुळीत आलं तर 'नाही' समजा. मिळालेल्या मेजरला चार वर्षं आनंदाने राहता येईल, अशाच कॉलेजला होकार द्या.

'प्री-मेड' हे मेजर नसतं. मेडिकल स्कूलला जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री, पदार्थविज्ञान असे ठरावीक विषय लागतात आणि मेजर कुठलंही चालतं. मात्र काही मेडिकल स्कूल या विषयांसाठी एपीचं क्रेडिट धरत नाहीत, किंवा त्याऐवजी वरच्या पातळीचा विषय मागतात.

मेजर ठरलेलंच नसेल तर काळजी करू नका. पहिल्या वर्षी तीन वेगवेगळ्या विभागांतले विषय घ्या. फक्त इंजिनिअरिंगचा विचार मनात असेल तर गणित आणि पदार्थविज्ञान पहिल्या सेमिस्टरपासून घ्या.

१२. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून मग विद्यापीठात गेलं तर कमीपणा येतो का?

पदवीवर विद्यापीठाचंच नाव येतं. आपल्या लोकांत चार जण विचारतात म्हणून मुलाच्या डोक्यावर कर्ज ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. कॅलिफोर्नियात तर यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसांमध्ये अटी पूर्ण केल्यास ट्रान्सफरची हमी मिळते. धोका एकच: न विचारता घेतलेले विषय पुढे धरले जात नाहीत. ज्या विद्यापीठात जायचंय त्याची विषयांची यादी पहिल्या दिवसापासून समोर ठेवा.

१३. हॉस्टेलच्या खोलीत इन्स्टंट पॉट चालतो का? मुलगी शाकाहारी आहे.

बहुतेक हॉस्टेलांच्या खोलीत कुकर, हॉट प्लेट, टोस्टर आणि मेणबत्ती यांना बंदी असते, आणि निरांजन-उदबत्तीही त्यात आली. कुकर नेला तर तपासणीत जप्त होतो. मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर असेल तर तिथे वापरता येतो का ते विचारा. पहिल्या वर्षी मील प्लॅन सहसा सक्तीचा असतो. मुलीने डायनिंगच्या डाएटिशियनची वेळ घेऊन काय खाते, काय खात नाही ते स्पष्ट सांगावं. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर अंडं चालतं असं तिथे धरलं जातं. चादरी घेताना ट्विन एक्सएल घ्या, हॉस्टेलची गादी बहुधा ८० इंच लांब असते.

१४. आमचं उत्पन्न चांगलं आहे. फाफ्सा (केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज) भरायची गरज आहे का?

भरा. मुलाच्या नावावरचं केंद्र सरकारचं कर्ज उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत, पण फाफ्सा भरल्याशिवाय नाही. काही कॉलेजं गुणवत्तेच्या स्कॉलरशिपसाठीही फाफ्सा मागतात. तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की पूर्वी केंद्राच्या सूत्रात आईवडिलांचा वाटा विभागला जायचा. २०२४-२५ पासून ती सवलत गेली. सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजांचा आर्थिक मदतीचा वेगळा अर्ज) मागणारी कॉलेजं मात्र अजूनही ते लक्षात घेऊ शकतात. फाफ्सा मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. एच-४ व्हिसावाल्यांनी (एच-१बी वर काम करणाऱ्यांची मुलं) प्रश्न १७ पाहा.

१५. फाफ्सा भरल्यानंतर घरातली एक नोकरी गेली. आता काय?

फाफ्सा जुन्या उत्पन्नावर चालतो. २०२६-२७ साठी २०२४ चं रिटर्न धरतात. मधल्या काळात नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, घटस्फोट झाला, तर फायनान्शियल एड ऑफिसला 'प्रोफेशनल जजमेंट'ची (बदललेली परिस्थिती पाहून मदत पुन्हा ठरवण्याची) विनंती करता येते. सोबत नोकरी गेल्याचं पत्र, बेकारी भत्त्याची नोंद आणि या वर्षीच्या उत्पन्नाचा अंदाज जोडा. आपल्याकडे हे सांगायला लोकांना संकोच वाटतो. पण ते ऑफिस रोज अशी पत्रं पाहतं, आणि माहीतच नसेल तर त्यांना काही करता येत नाही.

१६. ५२९ मधून (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) कशाकशाचे पैसे काढता येतात? बाहेरची स्कॉलरशिप मिळाली तर?

५२९ मधून ट्यूशन, फी, राहणं-जेवण, पुस्तकं, कॉम्प्युटर चालतं. विमानाचं तिकीट चालत नाही. बाहेर खोली घेतली असेल तर कॉलेजने खर्चात धरलेल्या रकमेपर्यंतच घरभाडं चालतं. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट (कॉलेजच्या खर्चावरची करसवलत) घेणार असाल तर ४,००० डॉलरची ट्यूशन ५२९ ऐवजी खिशातून भरा. एकाच खर्चावर दोन्ही सवलती मिळत नाहीत. पतिपत्नीचं एकत्रित उत्पन्न १,८०,००० डॉलरच्या वर असेल तर ते क्रेडिट मिळतच नाही.

बाहेरची स्कॉलरशिप कॉलेजला कळवावी लागते आणि कॉलेज तेवढी आपली मदत कमी करू शकतं. ग्रँटऐवजी कर्ज किंवा वर्क-स्टडी आधी कमी करा, अशी विनंती करा. बरीच कॉलेजं ऐकतात.

१७. मुलगा एच-४ वर आहे. इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी), नोकरी, एकविसावं वर्ष, हे कसं जमवायचं?

एच-४ वर पूर्णवेळ शिकता येतं, त्यासाठी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावाच लागतो असं नाही. काम मात्र करता येत नाही, कॅम्पसवरचं पगारी कामसुद्धा नाही. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं, पण वर्क-स्टडी नाही, कारण ती केंद्राची मदत आहे.

पेच फीचा आहे. काही राज्यांत एच-४ च्या मुलांना इन-स्टेट फी मिळते आणि एफ-१ झाल्यावर ती जाते. म्हणून घाईने व्हिसा बदलण्याआधी कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून लेखी उत्तर घ्या. दुसरीकडे एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, तेव्हा त्याआधी पुरेसा वेळ ठेवून एफ-१ साठी अर्ज जायला हवा. ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, आय-४८५, दाखल झालेला असेल तर मुलाला काम करण्याचा परवाना मिळू शकतो, आणि वय मोजण्याचे नियमही वेगळे लागू होतात. इथे इमिग्रेशनच्या वकिलाची फी वाचवू नका. ओळखीच्या घरात जे झालं ते तुमच्या तारखांना लागू पडेलच असं नाही.

१८. हायस्कूलमध्ये आयईपी (विशेष गरजांसाठी शाळेने आखलेली वैयक्तिक योजना) होता. कॉलेजात परीक्षेला जादा वेळ मिळेल ना?

आपोआप नाही. आयईपी हायस्कूलच्या डिप्लोमाबरोबर संपतो. कॉलेजात डिसॅबिलिटी ऑफिसकडे विद्यार्थ्याने स्वतः नोंदणी करायची असते आणि तिथे अलीकडचा तपासणी अहवाल मागू शकतात. शाळेकडून पुनर्तपासणी बारावी संपण्याआधी करून घेता आली तर खर्च वाचतो. काही आईवडील 'आता नवी सुरुवात, कुणाला कळायला नको' म्हणून नोंदणी टाळायला सांगतात. कृपया असं करू नका. ही माहिती ट्रान्सक्रिप्टवर येत नाही, आणि परीक्षा झाल्यावर मागितलेली सवलत मागच्या परीक्षेला लागू होत नाही.

१९. पासपोर्टवर मुलीचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात आहे. कॉलेजच्या फॉर्मवर काय लिहायचं?

सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच. फाफ्सा त्या नावाशी ताडून पाहतात आणि जुळलं नाही तर मदत अडकते. एपी, हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट आणि कॉलेज, तिन्हीकडे तेच नाव ठेवा. हजेरीत वडिलांचं नाव पुकारलं जाऊ नये म्हणून पोर्टलवर 'प्रिफर्ड नेम' भरा.

२०. दोन आठवडे झाले, मुलगी रोज रात्री फोनवर रडते. घरी घेऊन येऊ का?

पहिल्या सहा-सात आठवड्यांत घरची ओढ लागणं अगदी स्वाभाविक आहे. नेमका तेव्हाच गणपती येतो आणि घरचे आरतीचे व्हिडिओ पाहून पोटात तुटतं. लगेच घरी आणलं की तिथली ओळख होण्याचे शनिवार-रविवार हातचे जातात. फोनवर उपाय सुचवत बसण्यापेक्षा ऐकून घ्या आणि विचारा, आज जेवलीस कोणाबरोबर? वर्गांना जातेस का? दोन्हींचं उत्तर हळूहळू सुधारत असेल तर फॅमिली वीकेंडपर्यंत (कॉलेज घरच्यांना भेटायला बोलावतं तो शनिवार-रविवार) धीर धरा.

ती खोलीतून बाहेरच पडत नसेल, झोप-जेवण सुटलं असेल, वर्ग बुडत असतील, तर वाट पाहू नका. तिला कॅम्पसच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये त्याच दिवशी वेळ घ्यायला सांगा. तुम्हीही डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसला फोन करा. फर्पामुळे ते तुम्हाला काही सांगणार नाहीत कदाचित, पण तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला आणि मुलीला भेटून यायला कायदा आड येत नाही. जगणं नको झाल्याचं बोलत असेल तर ९८८ या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनवर कॉल किंवा टेक्स्ट करता येतो, दिवसरात्र केव्हाही. आणि सेमिस्टर सोडावंच लागलं तर 'मेडिकल लीव्ह' मागा. नुसतं निघून आलं तर सगळे 'एफ' लागतात, लीव्ह घेतली तर परतीची वाट शिल्लक राहते.